सफायर (१९५९) - जुना ब्रिटिश खूनपट आणि त्यातला वर्णद्वेष (स्पॉयलर आहेत, खुन्याचं नावसुद्धा)

रीळवेडा

जुनी ब्रिटिश मर्डर मिस्टरी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे येतो तो गावाकडचा बंगला, चहाचा ट्रे, लायब्ररीत उताणा पडलेला कर्नल आणि शेवटी सगळ्यांना हॉलमधे गोळा करून भाषण ठोकणारा डिटेक्टिव्ह. सफायर त्यातला नाही. हा भाड्याच्या खोल्या, नाक्यावरची दुकानं, तळघरातले क्लब आणि कायम ढगाळ आभाळ असलेल्या लंडनचा पिक्चर आहे. दिग्दर्शक बेसिल डिअर्डन, निर्माता मायकेल रेल्फ, पटकथा जॅनेट ग्रीन. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचं बाफ्टा यालाच मिळालं, तरी आपल्याकडे कुणी नाव घेत नाही म्हणून धागा काढतोय.

गोष्ट अशी. हॅम्पस्टेड हीथवर वाळक्या पाल्यात एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं, भोसकलेलं. अंगावर ट्वीडचा साधा स्कर्ट, एकदम घरंदाज कॉलेजकन्या. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची विद्यार्थिनी, नाव सफायर रॉबिन्स. बॉयफ्रेंड डेव्हिड हॅरिस आर्किटेक्चर शिकतोय, त्याला रोमला जायची स्कॉलरशिप मिळालीय, आणि पोस्टमॉर्टेममधे कळतं की पोरगी गरोदर होती. म्हणजे सुपरिंटेंडंट हॅझर्ड (नायजेल पॅट्रिक) आणि त्याचा इन्स्पेक्टर लिअरॉइड (मायकेल क्रेग) यांच्यापुढे सरळ केस आहे, पोराला लग्न नकोय, पोराच्या घरच्यांना स्कॉलरशिप जायला नकोय, घ्या जबाब आणि करा आत. आणि मग मुलीचा भाऊ बर्मिंगहॅमहून येतो. तो डॉक्टर आहे, सूट-टाय, अतिशय शांत माणूस, दारात उभा राहतो आणि तो काळा आहे.

तिथून पिक्चर फिरतो. वडील गोरे, आई काळी, भाऊ आईवर गेला आणि बहीण वडिलांवर, इतकी वडिलांवर की लंडनमधे तिला कुणी ओळखलंच नाही, आणि एक दिवस तिने ठरवलं की आता ओळखू द्यायचंच नाही. बरं, केस बदलली का? नाही ना. प्रेत तेच, चाकूचे वार तेच, स्कॉलरशिप तीच. पण तोवर जो तो "बिचारी पोर" म्हणत होता त्या प्रत्येकाचा सूर एका मिनिटात बदलतो. घरमालकीण तर बघण्यासारखी आहे. आपल्या घरात एक काळी मुलगी राहून गेली, याचा तिला मुलगी मेल्यापेक्षा जास्त धक्का बसतो. तिला वाटतं आपल्याला फसवलं! सफायरच्या खोलीतल्या कुलूपबंद ड्रॉवरमधून भडक रंगाचे आतले कपडे निघतात, ट्वीडच्या स्कर्टखाली लाल पेटीकोट होता हे तर आधीच निघालेलं असतं, आणि लिअरॉइडला लगेच सगळं "कळतं". आधी हाच पेटीकोट एक कोडं होता, आता पुरावा झाला. कशाचा पुरावा हे मात्र तो सांगत नाही.

मला हा पिक्चर आवडतो तो या यंत्रणेसाठी. मर्डर मिस्टरीत प्रेक्षकाचं काम असतं संशय घेणं, तिकीट काढून आपण तेवढ्यासाठीच बसलेलो असतो. डिअर्डन आपल्याला तपासासोबत काळ्या वस्तीत नेतो, क्लब, जिने, खोल्या, जॉनी फिडल नावाचा तिचा जुना मित्र, त्याच्याकडे सापडलेला चाकू, आणि आपण निमूट मागे मागे जातो, कारण गोष्ट तिकडे चाललीय. त्याच्यामागे टेडी बॉईज (म्हणजे गोऱ्या टवाळ पोरांची टोळी) लागतात, तो मार खातो, पोलीस त्याला धरून घाम फोडतात. आणि खुनी कोण? डेव्हिडची बहीण मिल्ड्रेड (इव्हॉन मिचेल). जुळ्या मुलींची आई, गल्लीत मान असलेली, ज्या घरी आपण अर्धा तास आधी बसून आलो त्याच घरातली. मधला सगळा वेळ आपण कुठे आणि का हिंडत होतो ते बघा मग मागे वळून.

आता तक्रार. ट्यूलिप्स क्लबातला तो सीन. हॅझर्ड तिथे चौकशीला गेलेला, ढोल सुरू होतात, आणि क्लबवाला त्याला सांगतो की कातडी कितीही गोरी असली तरी बोंगो वाजला की समजतंच. कॅमेरा खाली जातो तर एका गोऱ्यापान दिसणाऱ्या मुलीचे पाय तालावर हलतायत. म्हणजे जो पिक्चर तास-दीड तास सांगतोय की रंगावरून माणूस ओळखू नका, तोच मधे थांबून सांगतो की रक्तावरून मात्र ओळखता येतो! आणि हे कुणा खलपात्राच्या तोंडी टाकून सोडलेलं नाही, कॅमेराच दुजोरा देतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सफायर स्वतः. नाव तिचं, पिक्चर तिचा, तिला एक वाक्य नाही. फ्लॅशबॅकसुद्धा नाही. इव्हॉन बकिंगहॅम नावाची नटी आहे, ती प्रेत म्हणून आणि फोटोत दिसते, बस. ती कशी होती ते प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगतो. तुम्हाला काय वाटतं, हे मुद्दाम की राहून गेलं?

गवती चहा

मस्त लिहिलंय. स्पॉयलर आहेत म्हणून सांगितलं असतानाही वाचलं, आता बघताना मजा येईल का?

रीळवेडा

येईल. उलट खुनी माहीत असताना हॅरिस कुटुंबाचे सीन जास्त अंगावर येतात. डॉक्टर पहिल्यांदा समोर येतो तेव्हा मिल्ड्रेडकडे बघत राहा.

खडूस आजोबा

१९५९ च्या पिक्चरला आजच्या फूटपट्टीने मोजायचं हे आता नेहमीचं झालंय. त्या साली लंडनमधे काय चाललं होतं ते आधी सांगा मग बोंगोवर बोला. ऑगस्ट १९५८ मधे आधी नॉटिंगहॅम आणि मग नॉटिंग हिलला दंगली झाल्या, गोऱ्या पोरांच्या टोळ्या लोखंडी कांबी आणि सायकलच्या चेनी घेऊन वेस्ट इंडियन लोकांच्या घरांवर जात होत्या, आठवडाभर चाललं होतं. सप्टेंबरात न्यायमूर्ती सॅमन यांनी नऊ गोऱ्या पोरांना चार-चार वर्षांची सजा ठोकली. आणि त्यानंतर काही महिन्यांत हा सिनेमा तयार! कमर्शियल सिनेमा, रंगीत, नावाजलेले नट घेऊन. एवढ्या गरम तव्यावर हात ठेवायला धाडस लागतं. त्याच लोकांनी दोन वर्षांनी समलिंगी संबंधांवर व्हिक्टिम काढला, तेव्हा तो इंग्लंडात गुन्हा होता, १९६७ पर्यंत होता. बोंगोचा सीन चुकीचा आहे, मान्य, पण त्यावर एवढा परिच्छेद?

बेकरस्ट्रीटकर

आजोबा, तव्याचंच बोलायचं तर त्या साली खरा खूनही झाला. केल्सो कॉक्रन. अँटिग्वाहून आलेला ३२ वर्षांचा सुतार, १७ मे १९५९ च्या पहाटे नॉटिंग हिलमधे दवाखान्यातून पायी घरी जात होता, अंगठ्याला लागलं होतं कामावर. रस्त्यात गोऱ्या पोरांच्या टोळक्याने गाठून भोसकलं. पोलिसांनी काय सांगितलं? चोरीसाठी झालं असावं, वर्णाचा संबंध नाही. आजतागायत कुणाला शिक्षा नाही. अंत्ययात्रेला हजारावर लोक होते. सफायर थिएटरात लागला तो याच सुमारास, म्हणजे लोक पडद्यावर स्कॉटलंड यार्डचा सज्जन सुपरिंटेंडंट काळ्या मुलीच्या खुनाचा छडा लावताना बघत होते आणि बाहेर यार्ड म्हणत होतं की चोरीचा प्रकार आहे.

हॅझर्ड हे पात्र मला म्हणून जड जातं. फारच स्वच्छ आहे तो.

माझं काम लंडनला आहे, गोलबोर्न रोडवरून नेहमी जाणं होतं. जिथे हे झालं त्या कोपऱ्यावर आता कॉक्रनच्या नावाची निळी पाटी आहे. आसपासच्या घरांच्या किमती बघितल्या तर हसू येतं, तेव्हा तिथे एकेका खोलीत कुटुंबं कोंबलेली असायची आणि भाडं दुप्पट, कारण बाकी लंडन खोली देतच नव्हतं.

सावळी

घरमालकिणीवरून आठवलं. ती करते ते तेव्हा कायदेशीर होतं का? म्हणजे तोंडावर सांगायचं, काळ्यांना खोली नाही?

बेकरस्ट्रीटकर

पूर्ण कायदेशीर. पाट्या लावायचे खिडकीत. १९६५ ला पहिला रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट आला त्यात हॉटेल, पब, बस अशा सार्वजनिक जागा होत्या, घरं आणि नोकऱ्या नव्हत्याच. त्या १९६८ च्या कायद्यात आल्या. म्हणजे पिक्चरनंतरही नऊ वर्षं ती बाई तिच्या खिडकीत काय वाटेल ते लिहू शकत होती. मधे १९६२ ला उलटा कायदा झाला, कॉमनवेल्थमधून येणाऱ्या लोकांवर बंधनं घालणारा. लिअरॉइड जे गाडीत बसून बडबडतो, यांना परत पाठवा म्हणजे कटकट मिटेल, ते तीन वर्षांत अर्धंमुर्धं पार्लमेंटात पोचलं होतं.

रीळवेडा

तो गाडीतला संवाद चांगला आहे हां. लिअरॉइड म्हणतो हे लोक इथे नसते तर एवढा त्रासच झाला नसता. हॅझर्ड म्हणतो बरोबर, म्हाताऱ्या बायका नसत्या तर गुंडांनी त्यांना बडवलंही नसतं, मग काय करायचं, गुंड हटवायचे की म्हाताऱ्या? आणि लिअरॉइड गप्प. पटलंय म्हणून गप्प नाही, साहेब आहे म्हणून गप्प. क्रेगने ते चेहऱ्यावर फार नेमकं ठेवलंय.

पोपटी छत्री

मला रंगांबद्दल सांगायचंय. ईस्टमनकलर आहे ना, पण गोऱ्या लोकांचं सगळं लंडन राखाडी-तपकिरी, भिंती, कोट, आभाळ, चहासुद्धा फिका वाटतो. रंग येतो तो फक्त काळ्या लोकांच्या क्लबात, आणि त्या लाल पेटीकोटात, आणि ड्रॉवरमधे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं काय सुंदर, दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा वाटलं की हा तर बोंगोवालाच मुद्दा कॅमेऱ्याने पुन्हा सांगितला, म्हणजे काळे लोक म्हणजे रंग, नाच, मजा, आणि गोरे म्हणजे सभ्य आणि रटाळ. सफायरने लाल आत घातला आणि ट्वीड वर, म्हणजे "खरी" सफायर आतली. अहो पण एखाद्या मुलीला लाल रंग आवडतो, एवढंच असू शकत नाही का? मी स्वतः ऑफिसला राखाडी घालते आणि आत काय घालते त्यावरून माझं कुळ काढलेलं मला चालणार नाही, ज्याने काढलं त्याला छत्री खावी लागेल.

गवती चहा

छत्री =))

खडूस आजोबा

पण मग पॉल स्लेडचं काय? तो गॉर्डन हीथ. त्याला बघून तर बोंगोचा मुद्दाच उडतो. बॅरिस्टर, बिशपचा मुलगा, उंची गाडी, त्याचं इंग्रजी त्या दोन्ही पोलिसांपेक्षा सफाईदार. सफायरशी त्याची ओळख होती, आणि लग्न का नाही केलंस असं विचारल्यावर सांगतो की आमच्या वडिलांना चाललं नसतं, ती अर्धी गोरी होती ना. लिअरॉइडचं तोंड बघा तेव्हा. १९५९ साली हा टोला लिहिणारी बाई बोंगोवर विश्वास ठेवणारी वाटते का तुम्हाला?

रीळवेडा

दोन्ही तिच्याच पटकथेत आहे हीच तर गंमत. स्लेडचा सीन मलाही फार आवडतो. हीथ मूळचा अमेरिकन, पॅरिसला स्थायिक झालेला, तिथे क्लब चालवून गाणी म्हणायचा. त्याच्या वावरण्यात जो एक थंडपणा आहे तो ब्रिटिश दिग्दर्शकाने शिकवलेला वाटत नाही. पण आजोबा, त्या सीनने पूर्वग्रह उडत नाही, उलट स्लेडच्या बापालाही रक्ताचीच पडलीय असं कळतं. पिक्चरमधे रक्तावर विश्वास नसलेला माणूस एकच, डॉक्टर रॉबिन्स.

टोपणनाव सुचत नाही

डॉक्टर रॉबिन्स म्हणजे अर्ल कॅमेरॉन! त्याच्यासाठी आलो मी इथे. बर्म्युडाचा, १९१७ चा जन्म, जहाजावर नोकरी करत लंडनला पोचला आणि अपघाताने नट झाला. डिअर्डनच्याच पूल ऑफ लंडन (१९५१) मधे त्याने जहाजावरचा खलाशी केला होता ज्याची एका गोऱ्या मुलीशी मैत्री होते, ब्रिटिश सिनेमात काळ्या नटाला एवढी मोठी आणि माणसासारखी भूमिका तोवर क्वचितच मिळाली असेल. एवढं करून पुढे मुख्य भूमिका मिळाल्या का, तर नाही, आयुष्यभर डॉक्टर, राजदूत, आफ्रिकन पुढारी. २०२० साली १०२ वर्षांचा होऊन गेला. सफायरमधे त्याचा आवाज एकदाही चढत नाही. हॅझर्ड दिलगिरीच्या सुरात प्रश्न विचारतो आणि हा त्यालाच सांभाळून घेत उत्तरं देतो, जसं काही बहीण हॅझर्डची गेलीय. हे ज्याने अनुभवलंय त्यालाच असं करता येतं.

सावळी

हो ना. आपलं दुःख बाजूला ठेवून आधी समोरच्याला अवघडलेपणातून बाहेर काढायचं, हे बरोब्बर पकडलंय. पुण्यात खोली शोधताना फोनवर सगळं ठरायचं, डिपॉझिट, पाण्याची वेळ, सगळं, मग शेवटी "आडनाव काय म्हणालात?" आणि मग "मिस्टरांना विचारून कळवते". आणि अवघडून मीच म्हणायचे, असू दे हो काकू, काही हरकत नाही.

नाक्यावरचा

झालं, आणली जात. ब्रिटिश पिक्चरच्या धाग्यावर आपली जात कशाला? तिथला प्रश्न रंगाचा, इथला वेगळा. प्रत्येक धागा तिकडेच न्यायचा का?

सावळी

रंगाचा प्रश्न म्हणता तर सफायरचा रंग गोराच होता की. दिसण्यावरून कुणालाच कळलं नव्हतं. कळलं ते कागदावरून आणि नातेवाईकांवरून. मला तर ही गोष्ट लंडनची असून फार ओळखीची वाटली.

टोपणनाव सुचत नाही

+१. नाक्यावरचा, बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं, म्हणजे सफायरनंतर चारच वर्षांनी. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला माणूस जात लपवून खोली घेतो, लोक आदर करतात, आणि कळल्यावर तीच माणसं मारतात. बागुलांनी आणि जॅनेट ग्रीनने एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही, पण दोन्ही गोष्टीत लोकांचा राग एकाच जागी आहे, आमच्यात राहिलास/राहिलीस आणि आम्हाला कळू दिलं नाहीस. फरक इतकाच की बागुलांची गोष्ट लपवणारा स्वतः सांगतो. "मी" आहे तिथे. सफायरला तो "मी" मिळालाच नाही, म्हणजे रीळवेडा जे वर म्हणाले ते.

नाक्यावरचा

बागुल वाचलेत मी. ठीक आहे, तो मुद्दा मान्य. पण मग तिला बोलतं करायला हवं होतं म्हणता तर मिस्टरी उरली असती का? प्रेताने बोलायचं नसतं हा या प्रकाराचा नियमच आहे. फ्लॅशबॅक टाकला असता तर आठव्या मिनिटाला खुनी कळला असता.

पोपटी छत्री

फ्लॅशबॅक नको हो, एखादं पत्र, डायरी? भावाला लिहिलेलं एक पोस्टकार्ड? तिचा अर्धा फाडलेला फोटो आहे ना, ज्यात ती नाचतेय आणि जोडीदार फाडून टाकलाय. तो फोटो तिने स्वतः फाडला. तेवढी एकच कृती पिक्चरमधे तिची स्वतःची आहे. मी तो शॉट पॉज करून बघत बसले होते. जुन्या आयुष्यातला माणूस फाडला, पण नाचणारी आपण ठेवली. जिला खरंच सगळं पुसायचं होतं तिने अख्खा फोटो जाळला असता.

रीळवेडा

क्या बात. हे माझ्या लक्षात नव्हतं आलं, आता परत बघावा लागणार.

गवती चहा

बघितला काल रात्री! जॉनी फिडलच्या पळापळीच्या वेळी मी खरंच त्याच्यावरच संशय घेत होते, खुनी माहीत असूनही!! शेवट मात्र थोडा घाईत उरकल्यासारखा वाटला. डॉक्टरला हॅरिसांच्या घरी नेऊन बसवतात, तो मुलींचं खेळणं हातात घेतो आणि मिल्ड्रेडचा बांध फुटतो. असं एका मिनिटात कुणी कबूल करतं का?

खडूस आजोबा

त्या काळच्या मिस्टरीत सगळेच करायचे. इव्हॉन मिचेलने ते निभावलंय हे महत्त्वाचं. तोवर तिने आवाज दाबून ठेवलेला असतो, आणि सुटतो तो एका क्षणात, तिची किळस खरी वाटते, बघवत नाही. शेवटी हॅझर्डही म्हणतोच, आपण काही सोडवलं नाही, फक्त तुकडे गोळा केले. १९५९ च्या पोलिसाने एवढं म्हणणं पुरे आहे.

सावळी

मला तो शेवट वेगळ्याच कारणाने खटकला. पुरावा नाही म्हणून हॅझर्ड डॉक्टरला त्या घरात नेतो. म्हणजे एवढा सज्जन अधिकारी, लिअरॉइडला धडे देणारा, पण त्याला गुन्हा उघड करायला साधन काय सापडतं, तर त्या माणसाचा रंग. खेळण्याला काळा हात लागला की ती बाई भडकणार हे ओळखूनच त्याला नेलंय. आठवड्यापूर्वी बहीण गमावलेल्या माणसाचा चारा केलाय त्याने. आणि पिक्चरला यात काही गैर वाटलेलं दिसत नाही, संगीतसुद्धा हॅझर्डच्याच बाजूने आहे.

खडूस आजोबा

नाही पटलं. डॉक्टर शहाणा माणूस आहे, त्याला कुणी फरफटत नेलेलं नाही. खुनी सापडावा ही सगळ्यात जास्त इच्छा त्याचीच असणार. तुम्ही त्यालाही बिचारा करून टाकताय.

बेकरस्ट्रीटकर

आजोबा, इथे मी सावळींच्या बाजूने. लिअरॉइडला पाठवून नेहमीसारखी चौकशी करता आली असती. पण लिअरॉइडचा त्या घराबद्दल संशयच नव्हता, त्याला तिथला चहा आवडला होता. आणि आणखी एक, शेवटच्या सीनमधे लिअरॉइडला काय झालं? काही नाही. सोमवारी परत ड्यूटीवर. मेट्रोपॉलिटन पोलिसात नॉर्वेल रॉबर्ट्स हे काळे पोलीस १९६७ ला भरती झाले तेव्हा त्यांच्या शेजारच्या टेबलावर लिअरॉइडच्याच वयाची मंडळी बसलेली होती, आणि त्यांनी त्यांचं काय केलं ते रॉबर्ट्स यांनी स्वतः सांगून ठेवलंय.

खडूस आजोबा

लिअरॉइडचा मुद्दा घेतो. डॉक्टरचा नाही घेत. पुन्हा एकदा बघून भांडायला येतो, कुणाकडे बरी प्रिंट असेल तर सांगा, माझ्याकडच्या डीव्हीडीत सगळेच लोक जांभळे दिसतात.

रीळवेडा

=)) व्यनि करतो आजोबा. आणि व्हिक्टिमवर वेगळा धागा काढतोय, तो काळा-पांढरा आहे, तिथे तुमचा टीव्ही चालेल.